‘स्पिल द बीन्स’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ, उपयोजन आणि मराठी पर्यायांचा प्रश्न

१. प्रस्तावना :

महाविद्यालयीन स्तरावरील इंग्रजीच्या अध्यापनात वाक्प्रचारांना हक्काचे स्थान आहे. परंतु ते स्थान बहुधा यादीच्या स्वरूपाचे असते. डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस त्याचा अर्थ आणि खाली एखादे वाक्य, एवढ्यावर विषय संपतो. अशा यादीत ‘स्पिल द बीन्स’ या वाक्प्रचारासमोर ‘गुपित फोडणे’ असा अर्थ दिलेला आढळतो. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ या वाक्प्रचारासमोरही तोच अर्थ असतो आणि पुष्कळदा ‘ब्लो द व्हिसल’ या प्रयोगाचीही त्याच अर्थावर बोळवण केली जाते. विद्यार्थ्याची समजूत अशी होते की, इंग्रजी भाषेत एकाच कृतीला तीन नावे आहेत आणि त्यांपैकी कोणतेही कोठेही वापरता येते.

ही समजूत केवळ अपुरी नसून चुकीची आहे. गुपित उघड करणे ही एकच एक कृती नव्हे. नकळत बोलून जाणे, आग्रहाला बळी पडून सांगणे, सूडबुद्धीने चव्हाट्यावर आणणे आणि सार्वजनिक हितासाठी जाणीवपूर्वक जाहीर करणे या चार भिन्न कृती आहेत. त्या करणाऱ्या माणसांविषयीचा समाजाचा निवाडाही भिन्न असतो. हा निवाडा वाक्प्रचारात आधीच मुरलेला असतो. प्रस्तुत लेखात ‘स्पिल द बीन्स’ या वाक्प्रचाराची व्युत्पत्ती, रचना आणि उपयोजन तपासून त्यात कोणता निवाडा दडला आहे, आणि मराठी पर्याय योजताना त्याचे काय होते, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२. व्युत्पत्तीची कथा आणि उपलब्ध पुरावा :

या वाक्प्रचाराविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. प्राचीन ग्रीसमध्ये मतदानासाठी पांढऱ्या व काळ्या घेवड्याच्या बिया वापरीत. अनुकूल मताला पांढरी बी, प्रतिकूल मताला काळी. बियांचे भांडे वेळेपूर्वी कलंडले तर मतदानाचा गुप्त निकाल उघड होई आणि त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला, असे ही कथा सांगते. कथा ऐकायला सुबक आहे आणि वर्गात सांगायला सोयीची आहे; मात्र ती पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही.

पहिली अडचण काळाची आहे. ‘स्पिल द बीन्स’ या वाक्प्रचाराचे मुद्रित पुरावे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अमेरिकी इंग्रजीत सापडतात. १९१० च्या सुमारास त्याचा अर्थ ‘जमलेला बेत बिघडवणे’, ‘घडी विस्कटणे’ असा होता. ‘गुपित उघड करणे’ हा अर्थ १९१९ पर्यंत स्थिर झालेला दिसतो. अथेन्सची लोकशाही आणि विसाव्या शतकातील अमेरिकी वृत्तपत्रे यांच्यामध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात हा वाक्प्रचार कोणत्या भाषेत, कोणाच्या तोंडी वावरत होता, याचे उत्तर ही कथा देत नाही.

दुसरी अडचण इतिहासाची आहे. अथेन्समध्ये द्विदल बियांचा राजकीय उपयोग होत असे, हे खरे. परंतु तो प्रामुख्याने चिठ्ठ्या टाकून पदाधिकारी निवडण्यासाठी होता. पाचशे सदस्यांच्या परिषदेची निवड अशा पद्धतीने होई. न्यायसभेत मत देण्यासाठी आरंभी खडे आणि इ. स. पूर्व चौथ्या शतकात कांस्याच्या चकत्या वापरीत. निवडणूकशास्त्राला इंग्रजीत जे ‘सेफॉलॉजी’ हे नाव आहे, ते खडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच घडवले गेले. म्हणजे गुप्त मताशी नाते होते ते खड्याचे व चकतीचे. बियांचे नाते होते दैवाच्या कौलाशी.

‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ या वाक्प्रचाराची स्थितीही फारशी वेगळी नाही. त्याचा मुद्रित पुरावा १७६० पर्यंत मागे जातो. बाजारात डुकराच्या पिलाऐवजी पोत्यात मांजर घालून गिऱ्हाइकाला फसवीत आणि पोते उघडताच फसवणूक उघडी पडे, ही त्यामागची प्रचलित कथा. जर्मन व फ्रेंच भाषांतही न पाहता माल घेण्याला ‘पोत्यातले मांजर विकत घेणे’ अशा अर्थाचे प्रयोग आहेत, म्हणून ही कथा ग्रीक कथेपेक्षा अधिक संभवनीय वाटते. तरीही संभव म्हणजे पुरावा नव्हे.

व्युत्पत्तिकथांविषयी एवढी चिकित्सा करण्याचे कारण असे की, त्या विद्यार्थ्याचे लक्ष चुकीच्या ठिकाणी नेतात. ग्रीक कथा ऐकणाऱ्याला वाटते की, या वाक्प्रचाराचे रहस्य ‘बीन्स’ या नामात आहे. वस्तुतः ते ‘स्पिल’ या क्रियापदात आहे. या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ ‘नाश करणे’, ‘ठार करणे’ असा होता. पुढे ‘वाया घालवणे’, ‘रक्त सांडणे’ आणि मग द्रव वा धान्य ‘सांडणे’ असा त्याचा प्रवास झाला. ‘स्पिल द बीन्स’ या प्रयोगाचा पहिला अर्थ ‘बेत बिघडवणे’ असा होता, ही गोष्ट या प्रवासाशी जुळते. गुपित उघड होणे हा त्या बिघाडाचा एक प्रकार होता आणि कालांतराने तोच मुख्य अर्थ झाला. अलीकडच्या दशकांत ‘स्पिल द टी’ असा प्रयोग रूढ झाला आहे. त्याचा उगम अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ड्रॅग संस्कृतीत सांगितला जातो. येथे नाम बदलले, क्रियापद मात्र टिकले. केवळ ‘स्पिल’ एवढे म्हटले तरी अमेरिकी श्रोत्याला ‘सांगून टाक’ हा अर्थ कळतो. केवळ ‘बीन्स’ म्हटल्याने काहीच कळत नाही.

३. अवयवार्थ की अखंडार्थ :

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थांतून निष्पन्न होतो, की तो संपूर्ण शब्दसमूहाला एकत्रितपणे चिकटलेला असतो, हा भाषाविज्ञानातील महत्त्वाचा प्रश्न आहे. जेफ्री नुनबर्ग, आयव्हन सॅग आणि टॉमस वॅसो यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रश्नाची जी मांडणी केली, तीत ‘स्पिल द बीन्स’ हे ठळक उदाहरण आहे. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. येथे लाथ कोणती आणि बादली कोणती, हे सांगता येत नाही. अर्थ अखंड आहे. ‘स्पिल द बीन्स’ या प्रयोगात मात्र सांडणे म्हणजे उघड करणे आणि बिया म्हणजे गुप्त माहिती, असा अर्थाचा वाटा प्रत्येक अवयवाकडे जातो. म्हणूनच त्याची कर्मणी रचना होऊ शकते. बिया ‘सांडल्या गेल्या’ असे इंग्रजीत म्हणता येते, ‘काही बिया सांडल्या’ असेही म्हणता येते. बादलीच्या बाबतीत कर्मणी रचना केली की मरणाचा अर्थ नाहीसा होतो आणि खरीखुरी बादली समोर येते.

या चर्चेला भारतीय परंपरेत समांतर असा विचार आहे. भर्तृहरीने वाक्याला अखंड मानले आणि अवयवांची फोड ही समजावून सांगण्याची सोय मानली. मीमांसकांनी पदार्थांच्या अन्वयातून वाक्यार्थ सिद्ध केला. वाक्प्रचारांच्या बाबतीत दोन्ही पक्षांना आपापली उदाहरणे सापडतील, हे वरील दोन प्रयोगांवरून स्पष्ट होते.

त्याहून उपयुक्त आहे ती काव्यशास्त्रातील लक्षणेची मीमांसा. मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी अथवा प्रयोजन. कार्यालयातील संभाषणात कोणी ‘बिया सांडल्या’ असे म्हणतो, तेव्हा तेथे बिया नसतात, म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो. आत राखलेले बाहेर पडणे या साम्यामुळे संबंध जुळतो आणि रूढीमुळे अर्थ निश्चित होतो. रूढ लक्षणेचे मम्मटाने दिलेले ‘कुशल’ हे उदाहरण प्रसिद्ध आहे. दर्भ खुडून आणणारा हा व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ मागे पडून निपुण हा अर्थ रूढ झाला. विश्वनाथाने या उदाहरणावर आक्षेप घेताना शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे आणि त्याच्या वापराचे निमित्त वेगळे, असा भेद पुढे केला. ग्रीक कथेच्या मोहात पडलेल्यांना हा भेद समजावून देणे आवश्यक आहे.

मात्र एका बाबतीत हा वाक्प्रचार मम्मटाच्या चौकटीत नीट बसत नाही. मम्मटाच्या मते रूढीवर आधारलेली लक्षणा व्यंग्यरहित असते; व्यंग्य असते ते प्रयोजनवती लक्षणेत. ‘स्पिल द बीन्स’ रूढ झाला असूनही व्यंग्यरहित झालेला नाही. त्यात उघड करणाऱ्याच्या गबाळेपणाची आणि उघड झालेल्या गोष्टीच्या किरकोळपणाची छटा शिल्लक आहे. यादीत नेमकी हीच छटा गळून जाते. कोशातील अर्थ वाच्यार्थासारखा स्थिर दिसतो आणि व्यंग्य कोशाबाहेर राहते.

४. मनातील चित्र आणि मराठी विद्यार्थी :

ही छटा कोठून येते? जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ च्या ग्रंथात या वाक्प्रचाराविषयी काही साधे प्रश्न उपस्थित केले : सांडण्यापूर्वी बिया कोठे असतात, भांडे किती मोठे असते, सांडणे हेतुपुरस्सर असते की अपघाताने, सांडलेल्या बिया नीट ढिगात असतात की विखुरलेल्या, त्या पुन्हा गोळा करणे सोपे असते काय. इंग्रजी भाषकांची उत्तरे मोठ्या प्रमाणात सारखी आली. भांडे साधारण माणसाच्या डोक्याएवढे. सांडणे अपघाताचे, निदान तसे भासणारे. बिया सर्वत्र विखुरलेल्या आणि परत गोळा करण्यास अवघड. रेमंड गिब्ज आणि जेनिफर ओब्रायन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही गुपित उघड करण्याविषयीच्या वाक्प्रचारांची मानसचित्रे बरीच एकसारखी आढळली. मन हे पात्र आहे आणि विचार या त्या पात्रातील वस्तू आहेत, हे इंग्रजी भाषेतील मूलभूत रूपक या चित्रांच्या मुळाशी आहे, असे या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे.

येथे मराठी विद्यार्थ्यापुढे एक अडचण उभी राहते आणि ती भाजी बाजारातील आहे. आपल्याकडे ‘बीन्स’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या फरसबीच्या हिरव्या शेंगा. शेंगा सांडत नाहीत. फार तर टोपलीतून पडतात आणि पुन्हा सहज उचलता येतात. अमेरिकी स्वयंपाकघरातील ‘बीन्स’ म्हणजे मुख्यतः वाळलेल्या बिया; आपल्याकडचा राजमा, वाल किंवा पावटा. डब्यातून वाल सांडले की ते घरभर पळतात, फडताळाखाली जातात आणि कितीही वेचले तरी चार दिवसांनी एखादा पायाखाली येतो. एकदा बाहेर पडलेली माहिती पूर्णपणे मागे घेता येत नाही, हा आशय या चित्रात आहे. ‘बीन्स’ या शब्दाचे चित्रच चुकले, तर हा आशय विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही आणि वाक्प्रचार केवळ पाठांतराचा विषय होतो.

किरकोळपणाची छटाही याच बियांमुळे आली आहे. इंग्रजीत बी हे नगण्य मोलाचे प्रतीक आहे. एखादी गोष्ट ‘बियांच्या ढिगाएवढ्याही किमतीची नाही’ असे अमेरिकी इंग्रजीत म्हणतात. मोती सांडले असते तर प्रसंग गंभीर झाला असता. बिया सांडल्या म्हणून तो काहीसा हास्यास्पद होतो.

५. उपयोजनाच्या कक्षा :

प्रत्यक्ष वापरात या वाक्प्रचाराच्या तीन कक्षा दिसतात. पहिली अनवधानाची : वाढदिवसाचा गुप्त बेत कोणी तरी बोलून जातो. दुसरी आग्रहाची : मैत्रीत ‘सांग ना, काय झाले ते’ या अर्थाने आज्ञार्थी वापर होतो. तिसरी दबावाची : संशयित पोलिसांपुढे साथीदारांची नावे सांगून टाकतो, अमेरिकी गुन्हेकथांनी हा वापर लोकप्रिय केला. दुसऱ्या व तिसऱ्या कक्षेत अपघात उरलेला नाही. तरीही सांगणाऱ्याचा संयम सुटल्याची सूचना कायम आहे. आत दाबून ठेवलेले होते, ते आता राखले गेले नाही, असाच भाव आहे.

‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ या वाक्प्रचाराशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. मांजर एकच असते. म्हणून तो एखादे नेमके रहस्य एका क्षणी उघड होण्याला शोभतो. बिया अनेक असतात. म्हणून बारीकसारीक तपशिलांसह सगळे सांगण्याला ‘स्पिल द बीन्स’ शोभतो. मित्राला ‘बिया सांड’ असा आग्रह करता येतो; ‘मांजर पोत्याबाहेर काढ’ असा आग्रह इंग्रजी भाषक सहसा करीत नाही. दोन्ही प्रयोग अनौपचारिक आहेत. न्यायालयीन निर्णयात, शोधनिबंधात वा शोकप्रसंगी ते विसंगत वाटतात. परीक्षेतील निबंधात विद्यार्थी जेव्हा ‘महात्म्याने सत्याच्या बिया सांडल्या’ अशा थाटाचे वाक्य लिहितो, तेव्हा दोष त्याच्या व्याकरणाचा नसतो. त्याला अर्थासोबत प्रसंगाचे भान दिले गेलेले नसते.

६. एक कसोटी : पेंटॅगॉन पेपर्स :

वाक्प्रचारातील निवाड्याचे महत्त्व एका प्रसिद्ध प्रकरणावरून पटू शकेल. व्हिएतनाममधील अमेरिकी धोरणाचा एक गोपनीय अभ्यास संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६७ मध्ये करवून घेतला. त्याचे ४७ खंड आणि सुमारे ७,००० पृष्ठे होती. त्या अभ्यासात सहभागी असलेले विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी त्याच्या छायाप्रती काढल्या आणि १३ जून १९७१ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यातील भाग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ३० जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निर्णय दिला. एल्सबर्ग यांच्यावरील खटला मे १९७३ मध्ये रद्द झाला.

या कृतीला काय म्हणावे? शासनाच्या दृष्टीने ती ‘लीक’ म्हणजे गळती होती. अशा गळत्या रोखण्यासाठी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयात १९७१ मध्ये एक गुप्त पथक नेमले गेले आणि त्याला ‘प्लंबर्स’ हे नाव पडले. येथे रूपक भाषेपुरते राहिले नाही. माहिती ही नळातील पाण्यासारखी आहे, ती शासनाच्या नळातूनच वाहिली पाहिजे आणि बाहेर आली तर तो नळातील दोष, अशी दृष्टी त्या नावात होती. त्याच पथकातील माणसे पुढे वॉटरगेट प्रकरणात अडकली.

एल्सबर्ग यांनी ‘बिया सांडल्या’ असे म्हणणे मात्र अनुचित ठरेल. हजारो पृष्ठांच्या प्रती काढणे ही हातून झालेली चूक नव्हे आणि तुरुंगवासाची शक्यता पत्करून केलेले कृत्य किरकोळही नव्हे. ‘सांडणे’ म्हटले की त्या कृतीतील विवेक नाहीसा होतो. ही उणीव इंग्रजी भाषेलाही जाणवली असावी. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी राल्फ नेडर आदींनी ‘ब्लो द व्हिसल’ हा प्रयोग चुगलखोरीच्या अर्थछटेतून सोडवून सार्वजनिक हितासाठी इशारा देण्याच्या अर्थाने रूढ केला. सांडणाऱ्याच्या हातून भांडे कलंडते. शिट्टी वाजवणारा खेळ थांबवण्यासाठी ती मुद्दाम वाजवतो. कृती तीच, म्हणजे गुप्त माहिती बाहेर देणे. परंतु कर्त्याचे चारित्र्य बदलले.

७. मराठी पर्यायांची तपासणी :

आता ‘गुपित फोडणे’ या नित्याच्या पर्यायाकडे वळू. यातील क्रियापद ‘सांडणे’ नसून ‘फोडणे’ आहे. सांडण्यात भांडे शाबूत राहते, आतील वस्तू जाते. फुटण्यात भांडेच राहत नाही. ‘भांडाफोड’, ‘बिंग फुटणे’, ‘गौप्यस्फोट’ या साऱ्या शब्दांत हीच मोडतोड आहे. मराठी भाषेत ‘फुटणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. प्रश्नपत्रिका फुटते, साक्षीदार फुटतो, आमदार फुटतात. इंग्रजीत प्रश्नपत्रिकेची गळती होते, साक्षीदार प्रतिकूल होतो आणि आमदार पक्षांतर करतो. तीन घटनांना तीन क्रियापदे आहेत. मराठीने त्या एका सूत्रात गोवल्या. जो विश्वास आपल्याला एकत्र बांधून होता तो तुटला, हे ते सूत्र आहे. प्रश्नपत्रिकाफुटीने होरपळलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ‘गळती’पेक्षा ‘फूट’ हाच शब्द अधिक यथार्थ आहे, हे अध्यापकवर्गाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून ‘स्पिल द बीन्स’ या हलक्याफुलक्या प्रयोगाला ‘गौप्यस्फोट’ हा पर्याय दिला की प्रमाण बिघडते. एखाद्या अभिनेत्रीने मुलाखतीत आपल्या विवाहाची तारीख सांगितली, तर इंग्रजी बातमीत बिया सांडतात. मराठी बातमीत मात्र स्फोट होतो. नित्य स्फोट होऊ लागले की खऱ्या स्फोटासाठी शब्द उरत नाही.

अनवधानाच्या कक्षेसाठी मराठी भाषेत फार नेमका वाक्प्रचार आहे : ‘तोंडात तीळ न भिजणे’. योगायोग असा की, येथेही एक क्षुद्र बी आहे आणि येथेही मनुष्य हेच पात्र आहे. तीळ भिजेल एवढा वेळही ज्याला तोंड मिटून ठेवता येत नाही, त्याच्या स्वभावावर हा वाक्प्रचार बोट ठेवतो. फरक एवढाच की, इंग्रजी वाक्प्रचार एका घटनेचे वर्णन करतो, मराठी वाक्प्रचार एका स्वभावाचे. ‘काल तिच्या तोंडात तीळ भिजला नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘तिच्या तोंडात तीळ भिजत नाही’ असे आपण म्हणतो. घटनेसाठी ‘पोटातले ओठावर येणे’ हा प्रयोग अधिक जुळतो. आग्रहाच्या कक्षेत ‘सांगून टाक’ एवढे साधे क्रियापदही पुरेसे होते. ‘टाकणे’ या साहाय्यक क्रियापदात ओझे उतरवल्याचा जो भाव आहे, तो ‘स्पिल’च्या बराच जवळ जातो. दबावाच्या कक्षेत, साथीदारांची नावे सांगण्याच्या संदर्भात, ‘फितूर होणे’ वा ‘फुटणे’ योग्य ठरते. याउलट दांभिकाचे ढोंग उघडे पडते तेव्हा ‘पितळ उघडे पडणे’ हाच प्रयोग योग्य. तेथे ‘स्पिल द बीन्स’ मुळीच लागू पडत नाही, कारण तेथे कोणी सांगितलेले नसते, वरचा मुलामा आपोआप गेलेला असतो.

सार्वजनिक हितासाठी केलेल्या प्रकटीकरणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पातील गैरव्यवहाराची माहिती पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवणारे आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे हत्या झाली. येथे फुटले ते भ्रष्टाचाराचे गुपित नव्हे; फुटले ते गुपित सांगणाऱ्याचे नाव. या एका घटनेत दोन प्रकटीकरणे आहेत. एक नागरिकाचे कर्तव्य म्हणून झाले आणि दुसरे राखण्याची जबाबदारी असलेल्यांकडून राखले गेले नाही. दोन्हींना ‘गौप्यस्फोट’ हा एकच शब्द लावणे म्हणजे अपराध आणि कर्तव्य यांना एकाच मापाने मोजणे होय. अशा व्यक्तींसाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द स्वीकारला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. गाव झोपलेले असताना जागा राहून हाळी देणारा तो जागल्या. शिट्टीचे शब्दशः भाषांतर न करता गावगाड्यातील एक माणूस त्या जागी उभा केल्याने तो शब्द आपला वाटतो. घरातले बाहेर सांगणाऱ्याला ‘घरभेदी’ म्हणणारी आपली जुनी दृष्टी बिभीषणाच्या बाबतीतही दुभंगलेली राहिली. धर्माच्या बाजूस गेलेला म्हणून त्याचा गौरवही झाला आणि घरभेदाचे उदाहरण म्हणून त्याचे नावही राहिले. ‘जागल्या’ या शब्दाने त्या दुभंगातून एक वाट काढली आहे.

शिवाय ‘फोडणे’ या क्रियापदाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. मराठी भाषेत अंकुर फुटतो, पालवी फुटते, तांबडे फुटते आणि अन्यायाला वाचा फोडली जाते. संस्कृतातील ‘स्फुट्’ या धातूतच फाटणे आणि स्पष्ट होणे हे दोन्ही अर्थ आहेत. भर्तृहरीचा ‘स्फोट’ हा शब्दही त्याच धातूचा. ज्या क्रियापदाने विश्वासघात सांगितला जातो, त्याच क्रियापदाने दडपलेल्या सत्याचे प्रकटीकरणही सांगितले जाते. ‘गुपित फोडणे’ आणि ‘वाचा फोडणे’ यांत निवड करणे हे भाषांतरकाराचे काम आहे आणि ती निवड करताना तो कर्त्याविषयी आपले मत देत असतो.

८. अध्यापनासाठी काही सूचना :

वरील विवेचनावरून अध्यापनासाठी तीन प्रश्न सुचवता येतील. गुपित कोणाचे होते, सांगणाऱ्याचे स्वतःचे की दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेले? सांगणे हेतुपुरस्सर होते की ओघात घडले? आणि वक्ता त्या घटनेकडे कौतुकाने, थट्टेने, रागाने की आदराने पाहतो? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ‘स्पिल द बीन्स’ या वाक्प्रचाराचा मराठी पर्याय ठरवू नये. वर्गात एकच इंग्रजी वाक्य देऊन त्याचे तीन प्रसंगांत तीन अनुवाद करवून घेतल्यास विद्यार्थ्याला हा भेद स्वतःच्या भाषेत उमगतो. दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’सारखा ग्रंथ इंग्रजीच्या तासालाही हाताशी असावा. इंग्रजी वाक्प्रचार शिकताना मराठी वाक्प्रचारांची उजळणी होणे, हा दुहेरी लाभ आहे. व्युत्पत्तिकथा सांगण्यास हरकत नाही. मात्र ती कथा म्हणून सांगावी, पुरावा म्हणून नव्हे. आणि प्रारंभी फळ्यावर फरसबी पुसून वाल काढावेत, म्हणजे पुढचे बरेच काम सोपे होते.

९. समारोप :

‘स्पिल द बीन्स’ या वाक्प्रचाराचा अर्थ ‘गुपित उघड करणे’ असा सांगणे खोटे नाही. ते अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्या भागात सांगणाऱ्याचा संयम सुटल्याची, गोष्ट किरकोळ असल्याची आणि झालेले परत भरून न येण्याची सूचना आहे. ही सूचना नामातून नव्हे, क्रियापदातून येते. प्राचीन ग्रीसमधून नव्हे, अमेरिकी बोलीतून येते. तिच्या जागी मराठीतील ‘फोडणे’ बसवताच सौम्य थट्टेचे रूपांतर विश्वासभंगाच्या आरोपात होते. भाषांतर करणारा, बातमी लिहिणारा आणि वर्गात अर्थ सांगणारा, या तिघांच्याही हाती तो आरोप ठेवण्याचे अथवा न ठेवण्याचे सामर्थ्य असते. शब्द योजण्यापूर्वी काही सांडले आहे, काही फुटले आहे, की कोणी जागे राहून हाळी दिली आहे, एवढे तरी त्यांनी पाहणे अगत्याचे आहे.